खुकरी आणि आमचा भूगोलाचा तास

डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध चालू. मी तेव्हा आठवीत. शाळेच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले. आपल्या गावात घरटी एक तरी माणूस बोटीवर, त्यामुळे आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुकरी' बुडाल्याची बातमी आली त्या दिवशी कुणी पुस्तक उघडलंच नाही. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर सौराष्ट्राचा किनारा काढला आणि दीवच्या खाली समुद्रात एक फुली मारली. मी विचारलं, "सर, कॅप्टननं उडी का नाही मारली?" सर म्हणाले, "पेपरात एवढंच आलंय, बाबा."

पुढे नौदलात गेलो, लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त इंजिनाचं काम शिकलो, तेव्हा बाकीचं कळत गेलं. 'खुकरी'चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला 'खुकरी' आणि 'किरपाण' या दोन बोटी घेऊन 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होते. पाणबुडी नवी, फ्रेंच बनावटीची. तिला आपल्या बोटींचा सुगावा आधी लागे. त्यात सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्राच्या, एका चाचणीसाठी 'खुकरी'चा वेग कमी ठेवलेला. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास पाणबुडीनं सोडलेला टॉर्पेडो (पाण्याखालून येणारा स्फोटक बाण) लागला आणि काही मिनिटांत बोट तळाला गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, ६७ वाचले.

मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. 'कॅप्टन बोटीबरोबर बुडाला' असं भाषणांत सांगतात, ते मला अर्धवट वाटतं. मानपत्रात आहे ते असं: बोट सोडायचा हुकूम दिल्यावर त्यांनी शांतपणे माणसं उतरवली, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि आणखी कुणाला वाचवता येईल का ते पाहायला पुन्हा ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या वरच्या कक्षात, गेले. म्हणजे ते मरायला थांबले नव्हते, त्यांचं काम उरलं होतं. बोटीच्या तळाशी बॉयलर रूममध्ये वॉच (पाळीची ड्यूटी) केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. खालून वर यायला उभ्या शिड्या, अरुंद हॅच, म्हणजे डेकमधली झडपेची दारं. दिवे गेले की सगळं हातानं चाचपत. खाली माणसं अडकलेली असणार, हे ब्रिजवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

२००० साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. दीवला टेकाडावर स्मारक आहे, काचेच्या पेटीत 'खुकरी'ची प्रतिकृती. त्याच नावाची दुसरी 'खुकरी' २०२१मध्ये सेवेतून निघाली, तीही दीवलाच दिली. आपल्या शाळेची सहल दरवर्षी महाबळेश्वरलाच कशाला? एकदा दीवला न्या. इंजिनाचं काय विचारायचं ते मुलांनी मला विचारावं, मी बरोबर येतो.