हिशेब कुणाच्या वहीत

गुरुवार, इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर)

झोपण्याआधी दिवसाचा हिशेब आपणच आपल्याकडून घ्यायचा, याला आमच्याकडे मुहासबा म्हणतात. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन अब्बांच्या तोंडी नेहमी असे: तुमचा हिशेब घेतला जाईल, त्याआधी तुम्हीच तो घेऊन ठेवा. बसऱ्यात जन्मलेले आणि ८५७ साली बगदादमध्ये वारलेले हारिस अल-मुहासिबी तर या सवयीवरूनच ओळखले जातात. मिरजेत असताना मला वहीची गरज कधी पडली नाही. तिथे हिशेब घ्यायला घरची माणसं पुरेशी होती. ग्वाल्हेरला आल्यावर ही वही आली.

हिच्यात असतं काय? पहाटेची फजरची नमाज वेळेवर झाली की कजा, म्हणजे वेळ टळून. पाठीमागे कुणाबद्दल काय बोलले. कुरआन किती वाचला, की नुसता उघडून ठेवला. आज सहज मागची पानं चाळली आणि लक्षात आलं, की वही वाचायला फार बरी वाटते. ज्या दिवशी वाईट वागले त्या दिवसाचं पानही कसं नेटकं, वळणदार अक्षरातलं. वाचणाऱ्याला वाटावं, काय ही बाई, स्वतःला किती कठोरपणे तपासते! आणि वाचणारी तर मीच.

आलिम लोक रियाला, म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या इबादतीला, छुपा शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं, म्हणतात. काळ्या रात्री काळ्या दगडावरून चालणाऱ्या काळ्या मुंगीपेक्षाही तो लपलेला असतो, अशी त्याची उपमा लहानपणी मदरशात ऐकली होती. तेव्हा मला फक्त मुंगीचीच गंमत वाटली होती. पण दाखवायला समोर कुणी नसेल तर? तर नफ्स, म्हणजे आपल्यातला 'मी', स्वतःलाच प्रेक्षक करून बसवते. याला काही वेगळं नाव आहे का, ते मौलानांना विचारायला हवं.

शुक्रवार

जुम्म्याची गडबड, पाहुणे. सूरह काफ मात्र मगरिबनंतर शांतपणे वाचली.

'आम्ही माणसाच्या मानेच्या शिरेपेक्षाही त्याच्या जवळ आहोत' हा त्या सूरहच्या सोळाव्या आयतीचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. तकरीरीत येतो, कव्वालीत येतो, कॅलेंडरवर छापलेला असतो. त्याच आयतीचा आधीचा भाग मात्र फारसं कुणी म्हणत नाही. त्याचा आशय असा: आम्ही माणसाला निर्माण केलं, आणि त्याची नफ्स त्याच्या मनात काय कुजबुजते ते आम्ही जाणतो. मग लगेच ती शिरेची गोष्ट. म्हणजे जवळिकीचं हे वचन मन स्वच्छ झाल्यावर मिळणारं बक्षीस म्हणून आलेलं नाही. कुजबूज चालू असतानाच ते आलं आहे. आत बडबड चालली आहे, आणि अल्लाह त्या बडबडीहूनही जवळ आहे.

मी आजवर उलटंच धरून चालले होते: आधी आपण आतून झाडूनपुसून घ्यायचं, मग तो येईल. बहुतेक वाज, म्हणजे प्रवचनं, ऐकताना तसंच वाटतं, आणि सांगणाऱ्यांचा हेतूही वाईट नसतो. पण आयत तसं म्हणत नाही.

पुढच्याच दोन आयतींमध्ये उजव्या-डाव्या बाजूला बसून टिपून घेणारे दोन फरिश्ते आहेत. तोंडातून शब्द निघाला की लिहायला तयार. म्हणजे लिहिण्याचं काम करणारे आधीपासूनच नेमलेले आहेत, त्यांना माझ्या मदतीची गरज नाही.

मग उमरांचं वचन? तेही खरंच आहे. दोन्हींचा मेळ आज लागत नाही. डोळे मिटताहेत.

शनिवार

दुपारी शेजारच्या काकूंबरोबर हजिऱ्याला, मुहम्मद गौस साहेबांच्या मकबऱ्यावर. काकूंचं घराणं शिंद्यांच्या काळापासून इथल्या लष्कर भागात राहतं. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या कुठेही यायला तयार असतात. त्यांच्या मराठीत हिंदीची सरमिसळ आहे, माझ्या मराठीत दख्खनीची. रिक्षावाल्याला दोघी काय बोलतो ते कळलं नसावं.

दगडी जाळीचं काम तिथे चारी बाजूंना आहे. बाहेर कडक ऊन आणि आत बारीक ठिपक्यांचा उजेड. शेजारी तानसेनाची कबर, तिच्या मानाने अगदी लहान. कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो म्हणतात. काकूंनी दोन पानं चघळून घेतली आणि म्हणाल्या, "आता भजनी मंडळाला दाखवते." दर डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो त्या सकाळी इथेच ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मिलादही पढला जातो. काकूंच्या लेखी त्यात नवल काहीच नाही. "अगं, आम्ही लहानपणापासून हेच बघून राहिलो," एवढंच.

गौस साहेब शत्तारी सिलसिल्याचे, म्हणजे त्या सूफी गुरुपरंपरेचे. चुनारच्या डोंगरात त्यांनी बारा-तेरा वर्षं रियाजत, म्हणजे कठोर साधना, केली. श्वासाच्या आणि आसनांच्या योगविद्येचा ग्रंथ फार्सीत आणला. हुमायूनचा त्यांच्यावर फार विश्वास. शेरशहाचं राज्य आल्यावर ते गुजरातेत गेले आणि तिथे मोठा वाद पेटला, कारण आपल्याला मेराज झाली, आपण अल्लाहच्या सान्निध्यापर्यंत चढून गेलो, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. उलेमा खवळले, फतवा निघाला. अहमदाबादचे मोठे विद्वान शाह वजीहुद्दीन मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्यही, झाले. १५६३ साली गौस साहेब वारले आणि इथे दफन झाले.

फातिहा पढून बाहेर पायरीवर बसले, तेव्हा डोक्यात तेच. ते वर गेले असतील किंवा नसतील, तो निवाडा करणारी मी कोण. पण परत आल्यावर 'मी गेलो होतो' हे वाक्य लिहायला जो 'मी' लागतो, तो कुठून आला? फना म्हणजे आपलं आपण विरून जाणं. मग सांगणारा उरतो कसा? सूफी यावर बका सांगतात: विरल्यानंतर त्याच्याच आधाराने पुन्हा उभं राहणं. आणि बुखारींच्या संग्रहातली हदीस-ए-कुदसी, म्हणजे पैगंबरांनी (स.) सांगितलेलं अल्लाहचं बोलणं, आहेच: बंदा नफील, म्हणजे ऐच्छिक, इबादतींनी जवळ येत राहतो, मग मी त्याचा कान होतो ज्याने तो ऐकतो, त्याचा डोळा होतो ज्याने तो पाहतो. तिथे कान आणि डोळ्यांबरोबर हात आणि पायही आहेत. जिभेचा उल्लेख त्या यादीत माझ्या वाचनात आला नाही, आणि मला ते आवडतं.

'अनलहक', म्हणजे 'मीच सत्य', म्हणणाऱ्या मन्सूर हल्लाजला ९२२ साली बगदादमध्ये मारलं. त्याच्यावर शायरी पुष्कळ आहे. त्याच शहरातले, ९१० साली वारलेले जुनैद शुद्धीत राहणाऱ्यांचे पीर: अनुभव कितीही मोठा असो, माणसाने भानावर यावं आणि शरियत सांभाळून चार लोकांसारखं जगावं. त्यांच्यावर शायरी कमीच. हल्लाजचं नाव ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, पण दार ठोठवायचं झालं तर मी जुनैद यांचं ठोठवेन. घरात धुणी-भांडी, शाळेच्या वह्या असलेल्या बाईला भानावर राहणारा पीर परवडतो.

येताना काकूंना माझ्या वहीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांची पण आहे की. रामनामाची. किती जप झाला त्याची संख्या रोज मांडून राहिलेत. संख्या वाढली की ह्यांचा आवाज पण वाढतो." सबंध रस्ताभर हसत होतो.

सोमवार, रात्र

गजालींचं वाचते आहे. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपलं शिकवणं अल्लाहसाठी नाही, नावासाठी आहे. सोडायचं ठरवायचे, सकाळी ठरवलेलं संध्याकाळी मोडायचं. महिनोन्‌महिने असं चाललं आणि शेवटी जीभच बंद झाली. शिकवायला उभं राहावं तर शब्द फुटेना, घास उतरेना, हकीम थकले. मग ते शहर सोडून गेले. केवढा विद्वान माणूस, पण स्वतःचा हिशेब स्वतः मांडून त्यांना वाट काढता आली नाही. वाणी काढून घ्यावी लागली.

आणि राबिया बसरी यांचं म्हणून सांगतात, की आपल्या तौबेलाही, म्हणजे पश्चात्तापालाही, आणखी एका तौबेची गरज आहे. तौबा करणारीही तीच नफ्स, मग दुसरं काय होणार.

नफ्सच्या तीन अवस्था कुरआनात आल्या आहेत: वाईटाकडे ओढणारी अम्मारा, स्वतःला दोष देणारी लव्वामा, शांत झालेली मुतमइन्ना. शिकवताना त्या जिन्यासारख्या मांडतात, एक सुटली की दुसरी. मला एकाच नमाजेत तिन्ही भेटतात. उभं राहिल्यावर पहिली, रुकूत दुसरी, सजद्यात एखाद्या श्वासापुरती तिसरी, आणि सलाम फेरायच्या आत पुन्हा पहिली. अम्मारा ज्या आयतीत आहे ती सूरह यूसुफमधली: मी स्वतःला निर्दोष म्हणत नाही, नफ्स वाईटाचीच आज्ञा देते. हे वाक्य यूसुफ (अ.) यांचं की मिसरच्या अजीजच्या, म्हणजे तिथल्या बड्या अधिकाऱ्याच्या, बायकोचं, यावर तफसीरकारांमध्ये, म्हणजे कुरआनाच्या भाष्यकारांमध्ये, दोन मतं आहेत. एक पैगंबर, एक त्यांच्यावर आळ घेणारी बाई, आणि वाक्य दोघांच्याही तोंडी शोभतं.

शुक्रवारी अडलेलं आज थोडं सुटलं. फरिश्ते जिब्रील (अ.) एहसानबद्दल, म्हणजे उत्तम इबादत कशी याबद्दल, विचारतात तेव्हा पैगंबरांचं (स.) उत्तर असं, की तू अल्लाहला पाहतो आहेस अशी त्याची इबादत कर, आणि तू पाहत नसलास तरी तो तुला पाहतो आहे. मी त्यात तिसरं घुसडलं होतं: मी मला पाहते आहे.

हिशेब ठेवायचाच तर लोकांच्या हकांचा ठेवावा. अल्लाहचा हक तो माफ करील, पण माणसाचा हक त्या माणसालाच माफ करावा लागतो, हे तर मदरशातलं पहिलीचं शिक्षण. तेव्हा आजपासून वहीत तेवढंच:

शिंपीबाईंचे पैसे द्यायचे राहिले आहेत. काकूंचा डबा, त्यात काहीतरी घालून. वर्गातल्या एका मुलीला सगळ्यांसमोर बोलले, तिला बोलावून घ्यायचं. मिरजेला फुफीला (आत्याला) फोन. ईदपासून आमचं बोलणं नाही, आणि चूक कुणाची यावर माझं मत पक्कं आहे. ते इथे लिहीत नाही. फोन जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) आधी करावा लागेल, जेवल्यावर ती झोपते.