अट कशी लिहावी: ई-स्कूटर आणि सायकल फेरीवरील सुनावणीचा माझा अनुभव

आमच्या नगर परिषदेच्या विषयपत्रिकेवर दोन विषय लागोपाठ आले होते. भाड्याने मिळणाऱ्या विजेवरील स्कूटरना शहरात प्रायोगिक तत्त्वावर परवानगी द्यावी की नाही, हा पहिला; आणि एका सुट्टीच्या सकाळी मुख्य रस्ते मोटारींसाठी बंद ठेवून मोठी सायकल फेरी होऊ द्यावी की नाही, हा दुसरा. येथे स्कूटर म्हणजे बसून चालवायची दुचाकी नव्हे. लहान चाकांच्या अरुंद फळीवर उभे राहून, दांडा धरून चालवायचे ते वाहन. ते मोबाइलवरील अ‍ॅपने उघडायचे, हवे तेथपर्यंत न्यायचे आणि तेथेच सोडून द्यायचे. दोन्ही विषयांवर नागरिकांच्या सूचना व हरकती मागवल्या होत्या. अशी प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते आणि तिच्यात कोणत्या टप्प्यावर नागरिकाच्या म्हणण्याला खरोखर वजन असते, हे मला या निमित्ताने जवळून पाहता आले.

विषयपत्रिकेत प्रत्येक विषयाला जेमतेम दोन ओळी असतात आणि बहुतेक जण तेवढ्याच वाचून आपली बाजू ठरवतात. खरा मजकूर परिशिष्टात असतो: परवान्याचा मसुदा, प्रशासनाची टिप्पणी, आयोजकांचा अर्ज, मार्गाचा नकाशा. ती कागदपत्रे मी नगरसचिवांच्या कार्यालयातून मागून घेतली. स्कूटरच्या मसुद्यात एक वाक्य होते, ‘वाहने सुव्यवस्थितपणे उभी केली जातील याची परवानाधारकाने दक्षता घ्यावी.’ सुव्यवस्थित कशाला म्हणायचे, ते कोणी ठरवायचे आणि दक्षता घेतली नाही तर पुढे काय, याबद्दल मसुद्यात एक अक्षरही नव्हते. सायकल फेरीच्या अर्जातही ‘पुरेसे स्वयंसेवक’ आणि ‘आवश्यक तो बंदोबस्त’ असे शब्द पानोपानी होते.

आलेल्या हरकतींचे पुढे नेमके काय होते, असे मी वाहतूक नियोजन पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, “ताई, मत आलं की आम्ही ते फाइलला जोडतो. वाक्य आलं तर ते मसुद्यात घालता येतं की नाही, हे आम्हाला तपासावंच लागतं. तेव्हा तुम्हाला कोणती अट हवी आहे, ती अटीच्या भाषेत लिहून द्या.” पुढच्या साऱ्या कामाची दिशा या सल्ल्याने ठरली. स्कूटर हव्यात की नकोत, यावर माझे मत तेव्हा पुरते बनलेलेही नव्हते. मात्र त्या आल्या तर कोणत्या अटींवर याव्यात, हे लिहिण्यासाठी ते बनण्याची गरज नव्हती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वाहन उभे करण्याच्या अटीवर, आणि तो जायलाच हवा होता, कारण जगभरातल्या शहरांत या स्कूटरविषयीच्या तक्रारींचे मोठे मूळ त्या उभ्या कशा केल्या जातात, यातच आहे. एक पद्धत अशी की वापरणाऱ्याने वाहन कोठेही सोडावे. दुसरी अशी की आखून दिलेल्या चौकोनातच सोडावे, अन्यथा भाड्याचा मीटर थांबू नये. कंपन्यांना पहिली आवडते, कारण दारात मिळणारे आणि दारात सोडता येणारे वाहन जास्त वापरले जाते. पांढऱ्या काठीने अंदाज घेत चालणाऱ्या व्यक्तीला मात्र पदपथावर आडवी पडलेली स्कूटर हा मोठाच धोका असतो, कारण ती काल तेथे नव्हती आणि उद्याही तेथे नसेल. खांबाची जागा पाठ होते, हिची होत नाही. चाकांच्या खुर्चीला तर पदपथ सोडून रस्त्यावर उतरण्यावाचून मार्गच उरत नाही.

कंपनीच्या निवेदनात या सगळ्यावर ‘जिओफेन्सिंग’ हे उत्तर होते: उपग्रहाच्या साहाय्याने वाहनाचे स्थान कळते, त्यामुळे नकाशावर आखलेल्या हद्दीबाहेर वाहन बंद करता येत नाही किंवा त्याचा वेग आपोआप कमी होतो. हे तंत्र उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानात काही मीटरची चूक नेहमीचीच असते आणि उंच इमारतींच्या मधे ती आणखी वाढते, तर पदपथ आणि रस्ता यांच्यातील अंतर काही मीटरचेही नसते. स्कूटर चौकोनात आहे की चौकोनाशेजारच्या उतारावर, हे केवळ या तंत्राच्या भरवशावर सांगता येत नाही. म्हणून मी अट अशी लिहिली: वाहन उभे करण्याचे चौकोन रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या पार्किंगच्या जागेतून काढून द्यावेत, पदपथावर नव्हेत, प्रवास संपवताना उभ्या वाहनाचे छायाचित्र घेणे बंधनकारक असावे, प्रत्येक वाहनावर ठळक अक्षरांत क्रमांक असावा, आणि अडथळा ठरणारे वाहन तक्रार नोंदवल्यापासून ठरावीक तासांत उचलले नाही, तर नगर परिषदेने ते उचलून खर्च परवानाधारकाच्या अनामत रकमेतून वळता करावा. यातला ‘तक्रार नोंदवल्यापासून’ हा तुकडा मी मुद्दाम घातला. मुदत नेमकी कोणत्या क्षणापासून मोजायची, हे लिहिले नाही तर तिच्यावर कंपनीशी वाद घालण्यातच ती संपते.

इतर शहरांची उदाहरणे मी जपून वापरली, कारण प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचे एखादे शहर सापडतेच. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे ‘बर्ड’ या कंपनीने २०१७ मध्ये परवानगीची वाट न पाहता स्कूटर रस्त्यावर आणल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. नियम आधी आणि वाहने नंतर, हा क्रम उलटला की काय होते, ते त्यातून दिसते. ऑस्लोने २०२१ मध्ये स्कूटरची एकूण संख्या ८,००० वर आणली आणि रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत त्या भाड्याने देणे बंद केले. कोपनहेगनने २०२० मध्ये त्या हटवण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ मध्ये, उभ्या करण्याच्या कडक नियमांसह, त्यांना परत येऊ दिले. जर्मनीत २०१९ च्या नियमांनी वेगाची कमाल मर्यादा ताशी २० किलोमीटर ठरवली आणि पदपथावर चालवण्यास मनाई केली. आमच्या मसुद्यात एकूण संख्येची मर्यादाच नव्हती. ती असावी आणि वाहनांच्या प्रत्यक्ष वापराचे आकडे पाहूनच वाढवावी, एवढी एक ओळ मी जोडली.

कंपनीच्या निवेदनातील ‘शून्य प्रदूषण’ या शब्दांवर मी थोडी अडले. चालताना धूर निघत नाही, हे खरे. पण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये भाड्याच्या स्कूटरच्या संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडला, तेव्हा कर्ब उत्सर्जनाचा सुमारे निम्मा वाटा कच्च्या मालाचा व निर्मितीचा आणि सुमारे ४३ टक्के वाटा चार्जिंगसाठी स्कूटर रोज गोळा करून परत नेऊन ठेवणाऱ्या वाहनांचा निघाला. चार्जिंगला लागणारी वीज त्यामानाने किरकोळ ठरली. म्हणजे वाहन किती महिने टिकते आणि बॅटरी जागेवरच बदलता येते की नाही, यावर बरेच काही अवलंबून आहे. तेव्हा बॅटरी बदलता येणारीच वाहने आणावीत आणि मोडीत निघालेल्या वाहनांची संख्या दर तिमाहीस कळवावी, अशी अट मी मागितली. नगर परिषदेला मिळणाऱ्या माहितीबाबतही एक ओळ लिहिली. लॉस एंजेलिसच्या वाहतूक विभागाने २०१८ मध्ये अशी माहिती कंपन्यांकडून घेण्याची एक प्रमाणित रचना तयार केली आणि पुढे अनेक शहरांनी ती स्वीकारली. तथापि प्रत्येक प्रवासाचा नेमका मार्ग सरकारी यंत्रणेकडे साठवला जाण्यावर तेथेच २०२० मध्ये खासगीपणाच्या मुद्द्यावरून न्यायालयात दाद मागण्यात आली. रस्त्यांचे नियोजन करायला एकत्रित आकडे पुरतात. कोण कोठून कोठे गेले, हे कशाला हवे?

सायकल फेरीचा अर्ज वाचताना माझा सूर आपोआप मवाळ झाला, हे मान्य करते. सायकलवर माझे प्रेम आहे. तरी प्रश्न तेथेही होतेच. मार्ग पूर्ण वेळ बंद ठेवायचा, की सायकलस्वारांचा जथा पुढे सरकेल तसतसा मागचा भाग उघडत जायचे, हे अर्जात स्पष्ट नव्हते, आणि मार्गाच्या आतल्या बाजूला राहणाऱ्या माणसासाठी या दोहोंत सकाळभराचा फरक पडतो. बोगोटा शहरात १९७४ पासून चालत आलेला उपक्रम मला येथे उपयोगी वाटला. तेथे रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ या वेळेत १२० किलोमीटरहून अधिक रस्ते मोटारींसाठी बंद असतात, पण महत्त्वाच्या चौकांत सायकलस्वारांना ठरावीक वेळ थांबवून आडव्या वाहतुकीला वाट दिली जाते. शर्यतीत असे करता येत नाही, फेरीत येते. त्यामुळे कार्यक्रम शर्यत आहे की फेरी, याचा खुलासा आधी व्हावा, असे मी लिहिले. त्याशिवाय रुग्णालयाकडे जाणारा एक रस्ता कायम मोकळा असावा, बसचे तात्पुरते थांबे आदल्या आठवड्यातच थांब्यांवर लावून कळवावेत, आणि शेवटच्या सायकलस्वारामागून जाणारे वाहन एखाद्या चौकातून पुढे गेल्यावरच तो चौक उघडला असे समजावे, अशा तीन ओळी दिल्या.

दोन्ही फायली शेजारी ठेवल्यावर जे दिसले, ते एकेकटी वाचून दिसले नसते. कंपनीने उभे करण्याचे जे चौकोन सुचवले होते, त्यांतले बरेचसे सायकल फेरीच्याच मार्गावर होते. म्हणजे मोटारींसाठी बंद केलेल्या रस्त्याच्या कडेला स्कूटर ओळीने उभ्या असणार, आणि मोकळा, मोटारी नसलेला रस्ता पाहून कोणीही एक उघडून सायकलस्वारांच्या गर्दीत शिरू शकणार. एका विभागाने परवान्याचा मसुदा केला होता, दुसऱ्याने कार्यक्रमाची टिप्पणी लिहिली होती, आणि दोन्हींत एकमेकांचा उल्लेख नव्हता. मी दोन्ही फायलींसाठी एकच वाक्य लिहून दिले: रस्ता बंद ठेवण्याचा आदेश निघाल्यास परवानाधारकाने आदल्या रात्री मार्गावरील सर्व वाहने हलवावीत आणि आदेशाच्या कालावधीत त्या मार्गावर वाहन उघडणार नाही अशी तजवीज करावी. साऱ्या खटाटोपात निर्विवाद मान्य झालेली अट हीच.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटे होती. आधी बोललेल्या बऱ्याच जणांनी आपापले मत आवेशाने मांडले. पॅरिसचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला, ही मला त्या सभेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तेथे एप्रिल २०२३ मध्ये घेतलेल्या जनमतात सुमारे ८९ टक्के मते भाड्याच्या स्कूटरच्या विरोधात पडली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर तीन कंपन्यांच्या मिळून सुमारे १५,००० स्कूटर रस्त्यांवरून गेल्या. विरोधकांनी ८९ टक्क्यांवर भर दिला. समर्थकांनी मतदान जेमतेम साडेसात टक्के झाले होते, यावर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आमच्या मसुद्यातील एकाही वाक्याला त्यांचा उपयोग नव्हता. मी माझ्या वेळात मत मांडलेच नाही. अट क्रमांक, सध्याचा शब्द आणि सुचवलेला शब्द एवढेच वाचले. एका ज्येष्ठ नगरसेविकांनी विचारले, “मोटारींच्या जागेतून चौकोन द्यायचे म्हणता, मग त्या मोटारी कुठे जातील, बाई?” मी उत्तर दिले की एका मोटारीच्या जागेत स्कूटरची अख्खी रांग मावते, आणि पदपथावरची जागा तर चालणाऱ्यांची आहे, ती देण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

सभागृहाने दोन्ही विषय बहुमताने मंजूर केले. स्कूटरना एक वर्षाची प्रायोगिक परवानगी मिळाली. एकूण संख्येची मर्यादा, वाहनावरील क्रमांक, छायाचित्र आणि उचलण्याच्या खर्चाची वसुली या अटी उपसूचनेने आल्या. पार्किंगच्या जागेतून चौकोन देण्याची अट ‘शक्य तेथे’ हे दोन शब्द जोडून स्वीकारली गेली. अशा शब्दांनी अट कागदावर राहते आणि रस्त्यावर सहसा उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोडीत निघालेल्या वाहनांचा हिशेब ‘कंपनीची व्यावसायिक माहिती’ म्हणून वगळण्यात आला, आणि तो का वगळला, याचे पटेल असे कारण मला कोणी दिले नाही. सायकल फेरीला जथ्यामागून रस्ता उघडत जाण्याच्या अटीवर मंजुरी मिळाली.

ठराव झाल्यावर काम संपले, असे समजून बहुतेक जण घरी जातात. परंतु परवाना निघतो तो इतिवृत्तातील मजकुरावरून, सभागृहात जे कानावर पडले त्यावरून नव्हे. मी कच्चे इतिवृत्त मागवून पाहिले, तर खर्चाच्या वसुलीच्या वाक्यात ‘वळता करावा’ याऐवजी ‘वळता करता येईल’ असे छापले होते. इतिवृत्त कायम होण्याआधी लेखी दुरुस्ती सुचवता येते. ती मी दिली, सभेच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहण्याची विनंती केली आणि पुढच्या सभेत मूळ शब्द परत आले. आता वर्षअखेर फेरआढावा होणार आहे. त्यासाठी तक्रारींची नोंद, उचललेल्या वाहनांची यादी आणि ‘शक्य तेथे’ या शब्दांखाली प्रत्यक्षात किती चौकोन रस्त्याच्या कडेला दिले गेले, याची माहिती मागणारा अर्ज मी नगरसचिवांच्या कार्यालयात दिला असून त्याची पोच घेतली आहे.