नागपूरच्या उन्हात सुपरचार्जर: माझ्या जुन्या बलेनोचा अनुभव

गाडी कोणती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या डोळ्यांसमोर लाल फेरारी उभी राहायला नको. मारुतीची जुनी बलेनो. आजची हॅचबॅक नव्हे, १९९९ ते २००७ या काळात विकली गेलेली डिकीवाली सेडान. १५९० सीसीचं जी-१६-बी इंजिन, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीतून निघताना ९४ बीएचपी, वजन टनाच्या आसपास. स्पोर्ट्स कार म्हणायला जीभ जरा अडखळते, पण हलकी, साधी आणि मार खाणारी गाडी एवढ्या पैशांत दुसरी नव्हती.

इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवायची, तर दोन वाटा: टर्बो किंवा सुपरचार्जर (बोलीत ब्लोअर). टर्बो मला नको होता. टर्बो चालतो एक्झॉस्टच्या गरम वायूंवर. त्याचं लालबुंद होणारं हाउसिंग बॉनेटखाली घ्यायचं, तेही अशा गावात जिथे मे महिन्यात नुसत्या उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. सुपरचार्जर पट्ट्यावर फिरतो. इंजिनची थोडी ताकद स्वतःच खातो हे खरं, पण पाय दाबला की हवा हजर, वाट पाहायला नको. वळणावळणाच्या ट्रॅकवर मला तेच हवं होतं.

कायद्याचंही इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरच्या तपशिलांशी आणि कंपनीनं दिलेल्या मूळ रूपाशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. "आपल्या इकडे चालते न भाऊ" म्हणणारे पुष्कळ भेटले. अपघातानंतर विमा कंपनीपुढे यातलं कुणी आपल्यासोबत उभं राहत नाही. त्यामुळे ब्लोअर लागल्यापासून गाडी कुठेही जायची ती फ्लॅटबेड ट्रकवरून. समृद्धी महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे, मित्र अजून चिडवतात. मी त्यांना तिथली १२० ची पाटी दाखवतो.

तरी बांधली मात्र रस्त्याच्या गाडीच्या शिस्तीनं. सकाळी एका किल्लीत सुरू व्हावी, सीताबर्डीच्या सिग्नलवर उभी राहावी तशी पिट लेनच्या रांगेत न तापता उभी राहावी, शेजारी बसलेल्याशी ओरडल्याशिवाय बोलता यावं. चार फेऱ्या मारून निववायला उभी करायची गाडी बांधणं तुलनेनं सोपं आहे. तशी मला नको होती.

आता ब्लोअर. २००२ ते २००६ च्या मिनी कूपर एसमधला ईटन एम-४५ मी शोधून शोधून मिळवला. कारण साधं होतं. त्या मिनीचं इंजिनही १५९८ सीसीचं, म्हणजे आपल्याइतकंच, आणि त्यातून कंपनी १६३ अश्वशक्ती काढत होती. एम-४५ एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७४० सीसी हवा ढकलतो. आपलं चार-स्ट्रोक इंजिन एका फेरीत निम्मी क्षमता ओढतं, ७९५ सीसी, आणि तेही पूर्ण भरत नाही. गळती वगैरे धरून हिशेब केला, तर अर्ध्या बारच्या आतबाहेर बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, हवा असेल तेव्हा ब्लोअर क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, सुमारे १.८ पट वेगानं फिरायला हवा. साडेसहा हजारांवर इंजिन असताना ब्लोअर बारा हजारांच्या खाली राहतो. त्याच्या प्रकृतीला हे मानवतं.

जुना एम-४५ घेणाऱ्यानं एक गोष्ट जरूर पाहावी. मिनीमध्ये ब्लोअरच्या मागच्या टोकाला गिअर आहेत आणि त्यांवर इंजिनचा पाण्याचा पंप फिरतो. ब्लोअरमध्ये तेल पुढे वेगळं आणि मागे वेगळं. मागचं तेल थोडं, बदलायला अवघड, म्हणून कुणी बदलत नाही. ते आटतं आणि दात झिजतात. बाहेरून घासूनपुसून चकचकीत केलेला माल दाखवतात. मी मागचं झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे दिले नाहीत. आपल्याला तो पंप चालवायचाच नसल्यामुळे तिथे बंद प्लेट बसवली. फिरण्याची दिशाही आधी जुळवून पाहावी. होंडाच्या जुन्या बी आणि डी मालिकेतली इंजिनं उलटी फिरतात. तिथे हाच ब्लोअर सरळ पट्ट्यावर लावला तर हवा भरायच्या ऐवजी ओढत बसेल. सुझुकीत ती कटकट नाही.

ब्रॅकेटचं काम हिंगणा एमआयडीसीत झालं. महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यामुळे आणि बाकी उद्योगांमुळे तिथे जॉबवर्क करणारी छोटी वर्कशॉप भरपूर आहेत, आणि त्यातल्या जुन्या मिस्त्रींना नकाशा लागत नाही. मी कॅडची फाइल घेऊन गेलो होतो. त्यांतल्या एका काकांनी ती बाजूला ठेवली आणि पुठ्ठा मागितला. "कागदावर सारंच बसते. पुठ्ठा कापून पाहू न आधी." पुठ्ठ्यावरून प्लायवुड, प्लायवुडवरून १२ मिलिमीटरची अल्युमिनियम प्लेट. क्रँक, ब्लोअर आणि टेन्शनरच्या पुल्या एका रेषेत आणायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सहा धारांचा पट्टा जराही तिरका चालला की आधी किंचाळतो, मग कडेनं सुटायला लागतो. काका म्हणाले, "पट्टा सरळ नसन तं महिनाभर बी नाही टिकन, लिहून ठेवा." पुल्या त्यांनी पुन्हा लेथवर चढवल्या, मागून अर्धा मिलिमीटर घेतला आणि मग हाताने फिरवून, डोळा बारीक करून पाहिलं. या कामाचा मोबदला त्यांनी इतका कमी सांगितला की मला संकोच वाटला. जास्त दिले, तर रागावले.

इथवर सगळं लोखंड-अल्युमिनियम होतं. खरी लढाई हवेच्या तापमानाशी निघाली.

एम-४५ सारखा रूट्स जातीचा ब्लोअर हवा आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो; मॅनिफोल्डमधली दाबलेली हवा उलटी आत घुसते आणि त्या हाणामारीत ती तापते. नागपूरचा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. आपण ४५ धरू. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ, म्हणजे सुरुवातच तोट्यात. तिला अर्धा बार बूस्टपर्यंत नेलं आणि ब्लोअरची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा ११० अंशांच्या घरात जाते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीनंतर, ज्योत पोहोचण्याआधीच, भलतीकडे पेट्रोल स्फोटासारखं पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि बूस्टवर चाललेलं इंजिन बहुधा त्यातच मरतं. मिनीत कंपनीनं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ८.३ ठेवलं होतं, बलेनोचं ९.५ आहे. जाड हेड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवायचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. मला तो पटत नाही. पिस्टन आणि हेडमधली फट वाढली की मिश्रणाची घुसळण मंदावते आणि नॉकिंग उलट लवकर येतं. मी कॉम्प्रेशन तसंच ठेवलं, बूस्ट ०.४५ बारवर थांबवला आणि पैसा थंड करण्यावर लावला.

ब्लोअरची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर दोन प्रकारचा. समोर जाळीमागे बसणारा, हवेवर चालणारा सोपा आणि स्वस्त. पण तो फार फार तर बाहेरच्या हवेइतकं थंड करणार, आणि गाडी उभी असली की तेही नाही. म्हणून पाण्यावर चालणारा घेतला: मॅनिफोल्डजवळ पाण्याचा गाभा, पुढे वेगळा छोटा रेडिएटर, विजेचा पंप आणि डिकीत पाण्याची टाकी. पाण्याला तापायला वेळ लागतो, आणि ट्रॅकवर टाकीत बर्फ टाकता येतो. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी आणि बायपास व्हॉल्व्ह मिनीचाच. पाय हलका असेल तेव्हा हवा ब्लोअरभोवतीच फिरते, दाब बनत नाही, उष्णताही नाही. ही गाडी निवांत चालवताना जुन्या बलेनोसारखीच वाटते, ते या छोट्या झडपेमुळे.

इंजिनच्या पाण्यात कूलंटचं प्रमाण मी कमी ठेवलं. नागपूरला बर्फ पडत नाही, आणि निखळ पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. गंज अडवण्यापुरतं कूलंट बास. मोठा रेडिएटर, दोन पंखे, ऑइल कूलर. क्लच बदलला, गिअरबॉक्स तसाच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

इंजिनचा मेंदू म्हणून स्पीडुइनो घेतला. आर्डुइनोवर चालणारा, सगळी माहिती खुली असलेला ईसीयू. क्रँक कुठे आहे हे ईसीयूला कळावं म्हणून क्रँकवर ३६ दातांचं, एक दात गाळलेलं चाक काकांनीच करून दिलं. इंजेक्टर मिनिटाला ३३० सीसीचे, इंधन पंप मोठा, आणि जुने रबरी पाइप काढून इथेनॉल सोसणारे फ्लुओरो रबरचे घातले. पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं आणि आमच्या गावात इथेनॉलवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. रोजच्या जुन्या गाडीबद्दल लोकांच्या तक्रारी मी ऐकतो, पण बूस्टच्या गाडीला ते काही वाईट नाही. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं आणि नॉकिंगलाही अडवतं. त्याला इंधन मात्र जास्त लागतं. पेट्रोलचं हवा-इंधनाचं १४.७ चं ठरलेलं प्रमाण ई-२० मध्ये साडेतेराच्या आसपास येतं, म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा लॅम्डावर, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाच्या किती पट हवा आहे त्यावर, ट्यून करावं. बूस्टवर मी ०.८० च्या जवळ राहतो.

हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरनं मला बरंच शिकवलं. पितळी सेन्सर अल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये घट्ट बसवला की तो हवेऐवजी धातूचं तापमान सांगतो. गाडी उभी राहिली की आकडा चढत जातो आणि ईसीयू उगाच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो. मे २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, आठवत असेल. देशभर बातमी झाली, मग सेन्सर बिघडल्याचा खुलासा आला. माझ्या मॅनिफोल्डमध्ये तसलं ५६ रोज व्हायचं. उघड्या टोकाचा, प्लास्टिकच्या अंगाचा सेन्सर कूलरनंतरच्या पाइपात बसवला, तेव्हा आकडे शहाण्यासारखे वागू लागले.

चाचणी मुद्दाम नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, घेतली. काटोलच्या वाटेवर ओळखीच्या एका जिनिंगचं आवार आहे. कापसाचा हंगाम संपला की तिथे फक्त कुत्री आणि चौकीदार. दुपारी दोनला गाडी नुसती चालू ठेवून उभी केली, पंखे, पंप, सगळं लॉग करत. चौकीदार लिंबाच्या सावलीतून म्हणाला, "काऊन असे उन्हात मरून राहिले, भाऊ? संध्याकाळी या न." संध्याकाळी काहीच कळलं नसतं. पाण्याची टाकी डिकीत होती, तिच्यावर मागच्या काचेतून सरळ ऊन येत होतं. टाकीभोवती उष्णतारोधक गुंडाळलं आणि सगळे आकडे खाली आले. नॉकिंग ऐकायला तांब्याची नळी इंजिन ब्लॉकला बोल्टनं धरून दुसरं टोक इअरमफमध्ये घातलं होतं. सेन्सरपेक्षा माझा अजूनही त्यावरच जास्त विश्वास आहे. कान सरावला की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज लगेच पकडता येतो.

मग फ्लॅटबेडवरून पुण्याला, डायनोवर, म्हणजे चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. काम सुरू करण्याआधी त्याच डायनोवर चाकांपाशी ७८ बीएचपी मिळाले होते. आता ११६. हा आकडा ऐकून काहींचे चेहरे पडतात, कारण चित्रफितींमधल्या गाड्या पाचशेच्या खाली बोलत नाहीत. मला आलेखाचा आकार आवडला. अडीच हजारांपासून टॉर्क सपाट, सरळ रेषेत. ट्यूनरनं लहान पुली घालून अजून वीस काढून देतो म्हटलं. ब्लोअरमधून १०४ अंशांनी निघणारी हवा कूलरनंतर ५७ वर येत होती, आणि ती खोली एसीची होती. मी नको म्हटलं.

पहिला ट्रॅक डे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला केला. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक १९९० पासून आहे. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ नं हैदराबाद आणि तिथून पुढे, अकराशे किलोमीटरच्या आसपास. चेन्नईचा घाम आम्हा वैदर्भीयांना सोसत नाही, गाडीला मात्र ती हवा थंडच वाटली असावी. इंजिनचं पाणी ९४ च्या वर गेलं नाही. वळणातून बाहेर पडताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय टेकवला की ब्लोअरची बारीक शिट्टी आणि लगेच ओढ. माझ्यापेक्षा दुप्पट किमतीच्या गाड्या सरळ रस्त्यावर पुढे जात होत्या, वळणांत परत भेटत होत्या.

थकले ते ब्रेक. ताकद दीडपट झाली होती, पुढच्या डिस्क मूळच्याच होत्या, आणि काही फेऱ्यांतच पेडल मऊ पडू लागलं. ब्रेकचा द्रव डॉट ४ प्रतीचा होता. त्याचा उत्कलनबिंदू ताजा असताना किमान २३० अंश असावा लागतो, पण ओलावा शोषला की तो झपाट्यानं उतरतो. सध्या गाडी पुन्हा हिंगण्याला जॅकवर आहे. मोठ्या डिस्क बसाव्यात म्हणून कॅलिपरचं ब्रॅकेट करायचंय, आणि काकांनी पुन्हा पुठ्ठा मागितला आहे.