कांदोळीसमोरच्या तळाचे पाणी
आज पहाटेपासून गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात होतो, सुमारे 27 मीटर खोलीच्या त्या जागी, जिथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1997 मध्ये नियमित नोंदी घ्यायला सुरुवात केली. वरचे पाणी कोमट होते. तळाजवळून आणलेले मात्र हाताला गार लागले. नमुन्यात मँगनीज आणि आयोडाइडची द्रावणे घातली की प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो. वरच्या बाटलीत तो लगेच दिसला. तळाच्या बाटलीतला पांढराच राहिला, आणि पाण्याला सडलेल्या अंड्यासारखा किंचित वास होता.

नैर्ऋत्य मान्सूनमध्ये खोलवरचे, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे सरकते, त्यावर पावसाचे गोडे पाणी झाकणासारखे पसरते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खालचा प्राणवायू जवळपास संपतो, हे मी वाचले होते. तो पांढरा साका पाहताना मात्र तळाशी राहणाऱ्या जिवांच्या काळजीने मन जड झाले. हे नेहमीचे ऋतुचक्र किती आणि किनाऱ्यावरून वाहून येणाऱ्या खतांचा व सांडपाण्याचा वाटा किती, हे एका बाटलीवरून सांगता येत नाही. त्याच जागी, त्याच रीतीने, वर्षानुवर्षे मोजावे लागते. पुढच्या फेरीलाही मी जाणार आहे.