कुर्चातोवच्या पुढची धूळ

कझाकस्तानातल्या सेमे ते कुर्चातोव रस्त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सपाट गवत आणि दीडशेएक किलोमीटर हाडं खिळखिळी करणारे खड्डे, बस्स. लिहायचंय ते तिथून साठेक किलोमीटरवरच्या, सोव्हिएत अणुबॉम्बच्या चाचण्या झालेल्या प्रायोगिक मैदानातल्या धुळीबद्दल. तिथे येणारे पाहुणे भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खऱ्या धोक्यापाशी निर्धास्त होतात, हे बघून जीव कासावीस होतो.

गाडीतून उतरलं की सगळ्यांच्या नजरा किरणोत्सर्ग मोजणाऱ्या डोसिमीटरवर. गावात आकडा तासाला ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे कुठल्याही सर्वसाधारण गावात असतो तितकाच. मैदानात तो मध्येच चढतो, चार पावलांवर उतरतो. उतरला की मास्क हनुवटीखाली येतात. मास्क तेव्हाच तर हवा असतो! पर्यटकांकडचं यंत्र मुख्यतः गॅमा किरण मोजतं, सीझियम-१३७सारखं किरणोत्सर्गी द्रव्य त्याला कळतं. प्लुटोनियम-२३९ अल्फा कण सोडतं आणि ते यंत्राच्या कवचापलीकडे जातच नाहीत. आपली कातडीही त्यांना अडवते. पण धुळीचा कण श्वासातून फुप्फुसात जाऊन बसला, की मध्ये काहीच उरत नाही. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षं.

हे प्लुटोनियम मातीत उरलं कसं? बॉम्बमधलं सगळं कधीच फुटत नाही. २९ ऑगस्ट १९४९ला पहिला सोव्हिएत बॉम्ब जेमतेम तीस-चाळीस मीटरच्या मनोऱ्यावर फोडला. आगीचा गोळा जमिनीला भिडला, माती वितळून वर ओढली गेली आणि उरलेलं प्लुटोनियम तिच्यातच मिसळलं. पायाखाली दिसणारे काळे काचेसारखे खडे म्हणजे ती वितळलेली माती. एकही उचलू नका. जुसानही चोळून बघू नका. दवण्याच्या कुळातलं झुडूप ते, वासाने हात आपोआप पुढे जातो.

बॅग जमिनीवर ठेवायची नाही, गुडघा टेकून फोटो काढायचा नाही, पाणी प्यायचं ते परत आल्यावर, हात धुऊन. बुटांवरची प्लास्टिकची कव्हरं दगडांवर फाटतात, म्हणून दोन जोड एकावर एक चढवा. काढताना गाडीच्या दारात बसा, टाचेकडून उलटी गुंडाळत काढा आणि मोकळा झालेला पाय थेट गाडीत घ्या, जमिनीला लावू नका. मग हातमोजे. मास्क सगळ्यात शेवटी. बहुतेक जण तो आधी काढतात आणि मग कव्हरं झटकतात.

मापनयंत्रांसाठी बांधलेले काँक्रीटचे उंच मनोरे, ज्यांना तिथे ‘हंस’ म्हणतात, ते लांबूनच बघितलेले बरे. फोटोसाठी त्यांच्या आत शिरणाऱ्यांचा मला राग येतो. आडोशाला धूळ साचलेली असते.

आणि वारा. स्टेपमध्ये, म्हणजे इथल्या सपाट गवताळ माळरानात, तो पडतो असं क्वचितच होतं. १९४९च्या त्या सकाळी हवा बिघडत चालली म्हणून स्फोट थांबवला नाही, उलट आठऐवजी सातला उरकला. ढग ईशान्येला दोलोन गावावरून गेला. गाव रिकामं केलेलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. तो स्फोट धरून १९८९पर्यंत या परिसरात ४५६ चाचण्या झाल्या आणि २९ ऑगस्ट १९९१ला हे चाचणी-क्षेत्र बंद केलं. बऱ्याच हद्दीला आजही कुंपण नाही. गवतात घोडे चरताना दिसतात.

वारा जोरात असेल तर वाटाडे फेरी रद्द करतात. पैशांवरून त्यांच्याशी हुज्जत घालू नका.