आधी जमीन, मग स्केटबोर्ड

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी स्केटबोर्ड शिकायला घेतला तेव्हा तेहतीस वर्षांची होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाला सुवर्णपदक घेताना २०२१ मध्ये पाहिलं, तेव्हापासून ते मनात होतं. पण नाशिकमध्ये विचारायचं कुणाला? आमच्याकडे ‘स्केटिंग’ म्हटलं की चाकांचे बूटच डोळ्यांसमोर येतात. खेळाच्या एका दुकानात स्केटबोर्ड मागितला, तर कार्टूनची चित्रं असलेली फळी हातात आली. तेराशे रुपये. पाय मारला की दोन-तीन हातांवर जाऊन थांबायची. पंधरा दिवस मला वाटत होतं, आपल्यालाच तोल नाही. मग एका संध्याकाळी फळी उलटी केली आणि चाकाला बोटाने टिचकी मारली. चांगल्या बेअरिंगचं चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. हे दुसऱ्या फेऱ्यालाच अडलं. ही टिचकी दुकानातच मारून बघायची असते.

खरा बोर्ड सुटे भाग मागवून जोडला. सात थरांची मेपलची फळी, आठ इंच रुंद. वर सँडपेपरसारखी खरखरीत ग्रिपटेप. खाली धातूचे दोन ट्रक, म्हणजे चाकांचे आस, आणि त्यांतले रबरी बुशिंग, ज्यांच्यामुळे अंग कलेल तसा बोर्ड वळतो. चाकं मी ५२ मिलिमीटरची, ९९ए कडकपणाची घेतली; हा आकडा जितका मोठा, तितकं चाक कडक. सगळे व्हिडिओवाले तीच वापरत होते. ते मात्र स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर होते, आणि मी आमच्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर.

पेव्हर ब्लॉकवर कडक चाकं चालवणं म्हणजे प्रत्येक सांध्याला दातांपर्यंत हादरा. बाहेर डांबरी रस्ता, त्यावर सुटी खडी. मे महिन्यात हरभऱ्याएवढा एक खडा पुढच्या चाकाखाली आला, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी पुढे गेले. दोन्ही हात टेकले. उजवं मनगट मुरगळलं, तीन आठवडे क्रेप बँडेज. हाड मोडलं नाही हे नशीब. मनगटाचे गार्ड घरात होते, पिशवीत.

त्या तीन आठवड्यांत मी चाकांबद्दल वाचत बसले. पूर्वी स्केटबोर्डला लोखंडाची किंवा मातीची चाकं असत आणि बारीकशा खड्यानेही माणूस फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नासवर्दी या अमेरिकन तरुणाने पॉलियुरेथेनची चाकं आणली आणि हा खेळ पुन्हा उभा राहिला. म्हणजे माझं जे झालं ते खेळाचं सर्वांत जुनं दुखणं होतं. उपायही तोच, मऊ चाक. ६० मिलिमीटरची, ७८ए ची चाकं बसवली. बारीक खडा ती पोटात घेतात आणि पुढे जातात. मोठ्या चाकाची एक भानगड असते: वळताना ते फळीला घासतं आणि बोर्ड एकदम अडतो. म्हणून ट्रक आणि फळीच्या मध्ये पाव इंचाच्या निम्म्या जाडीची रबरी पट्टी घातली, बोल्टही थोडे लांब घेतले.

तरी जमीन नव्हतीच. ती मिळाली मामांकडे, दिंडोरीजवळ.

मामांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. जानेवारी ते एप्रिल तिथे पाय ठेवायला जागा नसते. हंगाम संपला की क्रेट भिंतीला लागतात आणि अख्खा हॉल मोकळा. पॅलेटच्या ट्रॉल्या अडू नयेत म्हणून फरशी ट्रायमिक्सची, म्हणजे यंत्राने एकसारखी घोटलेल्या काँक्रीटची. वर पत्रा, त्यामुळे पावसाळ्याचीही चिंता नाही. भिजलेल्या बेअरिंगना गंज चढतो आणि फळीचे थर सुटायला लागतात, म्हणून पावसात बोर्ड बाहेर काढतच नाहीत.

“अगं, फरशीला ओरखडे पडतील का?” मामांनी एवढंच विचारलं.

“नाही मामा, चाकं मऊ आहेत. हात लावून बघा.”

त्यांनी अंगठ्याने चाक दाबून पाहिलं आणि किल्ली दिली.

जूनपासून दर रविवारी मी तिथे जाऊ लागले. आधी अर्धा तास झाडू. घोटलेल्या फरशीवर धुळीचा पातळ थर असला तरी चाक निसटतं. मग खरं शिक्षण. कुठला पाय पुढे हे मामेबहिणीने ठरवलं. ती आठवीत आहे. तिने मला न सांगता मागून हळूच ढकललं आणि माझा उजवा पाय पुढे पडला. उजवा पुढे म्हणजे गूफी, डावा पुढे म्हणजे रेग्युलर. पण ढकलताना मी पुढच्याच पायाने ढकलत होते, याला मोंगो म्हणतात. तसं ढकललं की प्रत्येक वेळी दोन्ही पाय हलवावे लागतात आणि वेगात तोल राहत नाही. ही सवय मोडायला महिना गेला. पुढचा पाय बोल्टवर, गुडघा वाकलेला, सगळा भार त्याच्यावर, आणि मागचा पाय जमिनीला घासत लांब मागे. ज्या दिवशी ते जुळलं त्या दिवशी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन ढकलांत गेले. चाकांचा एकसुरी घुं आवाज पत्र्यावरून परत येत होता. इतका आनंद मला पगारवाढीनेही झालेला नाही.

पडायलाही तिथेच शिकले. जुनी गादी अंथरून: हात टेकायचे नाहीत, गुडघे मोडायचे, खांद्यावर लोळायचं. दर रविवारी वीस वेळा.

सप्टेंबरपर्यंत मामेबहीण माझ्यापेक्षा छान किकटर्न घ्यायला लागली. मागच्या टोकावर किंचित दाब, पुढची चाकं उचललेली, आधी खांदे वळवायचे, बोर्ड मागून येतो. मी हात धरायला गेले की म्हणायची, “ताई, सोड ना.” तिला मी जनवारबद्दल सांगितलं. मध्य प्रदेशात पन्नाजवळचं ते गाव. २०१५ मध्ये तिथे काँक्रीटचा स्केटपार्क झाला. ‘शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही’ आणि ‘मुली आधी’ हे तिथले नियम. तिथल्या आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत खेळल्या. आमच्या पोरींना काय कमी आहे? घोटलेली जमीन आणि तिची किल्ली, एवढंच. आपल्याकडे सभामंडपांना, कमानींना पैसे मिळतात. सपाट काँक्रीटचा एक तुकडा मुलांसाठी राखून ठेवायला कुणी तयार नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. पहिला माल उतरला होता, हॉल भरला होता. आता एप्रिल संपेपर्यंत मी आमच्या मागच्या नव्या काँक्रीट रस्त्यावर सकाळी सहाला उतरते. रस्त्याला दर थोड्या अंतरावर आडव्या भेगा ठेवलेल्या आहेत. त्या आल्या की गुडघे थोडे सैल सोडायचे. बोर्ड मामेबहिणीकडे ठेवलाय, दहा बाय दहाच्या ओट्यावर ती किकटर्न घोटते आहे. मी दुसरा जोडला. याला चाकं पहिल्यापासून मऊच.