सहा की दहा?

तूर फुलोऱ्यात आणि आभाळ गच्च, अशा आठवड्यात आमच्या एफएम केंद्रावरच्या कृषी फोन-इनला शेंगा पोखरणाऱ्या अळीशिवाय दुसरा विषय नसतो. फोन थेट स्टुडिओत जात नाही, आधी माझ्याकडे कंट्रोल रूममध्ये येतो. गाव, पीक, पेरणी कधीची, आधी काय फवारलं, एवढं चिठ्ठीवर उतरवून ती काचेपलीकडे द्यायची. मग एकच विनंती: "दादा, घरातला रेडिओ बंद करा." नाहीतर रेडिओचा आवाज फोनमध्ये शिरतो आणि कार्यक्रमभर शिट्टी वाजते.

त्या संध्याकाळी पाहुण्या कृषितज्ज्ञांनी उत्तर चोख दिलं: इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, ४.४ ग्रॅम, १० लिटर पाण्याला. पलीकडून शेतकऱ्यानं विचारलं, "म्हणजे साहेब, पंपाला सहा ग्रॅम धरू ना?" निदान मला तरी 'सहा' ऐकू आलं. "हो, बरोबर," तज्ज्ञ म्हणाले आणि निवेदिकेनं पुढचा फोन घेतला. कार्यक्रम संपायच्या आत दुसऱ्या लाइनवर लागोपाठ विचारणा सुरू झाली: दहा ग्रॅम सांगितलं का?

ध्वनिमुद्रण लगेच काढून ऐकलं. आधी मॉनिटर स्पीकरवर, मग हेडफोनवर, वेग कमी करूनसुद्धा. सहा म्हटलं की सहा वाटतं, दहा म्हटलं की दहा. याचं कारण साधं आहे. साध्या फोन लाइनवरून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो. 'स'चा सरसर आवाज बहुतेक त्याच्या वर असतो, तो वाटेतच कापला जातो. उरतं ते 'अहा'. आमचं एफएम १५ किलोहर्ट्झपर्यंत स्वच्छ पोचतं, म्हणून तज्ज्ञांचा शब्द न् शब्द कळतो, पण फोनवरून आलेला आवाज त्यानं सुधारत नाही. इक्वलायझरनं वरची पट्टी चढवून पाहिली की फक्त खरखर वाढते. जे आलंच नाही ते कुठून उजळणार?

आता हिशेब बघा. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ४.४च्या दीडपट, म्हणजे ६.६ ग्रॅम. तिथं दहा टाकले तर मात्रा निम्म्यानं जास्त. पण पॉवर पंप असेल, तर पाणी कमी लागतं म्हणून औषध तिप्पट घ्यायचं असतं, आणि मग तेच दहा ग्रॅम निम्मे पडतात: अळी मरत नाही आणि खर्च पाण्यात. एकच आकडा, दोन पंपांना दोन्हीकडून चुकीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर तरी औषधाचा आकडा हवेत सोडून देणं मला पटत नाही.

माझा खरा राग शिफारशींच्या पद्धतीवर आहे. सगळ्या १० लिटरला. शेतकऱ्याच्या पाठीवर १० लिटरचा पंप मला तरी दिसलेला नाही. १५, १६, नाहीतर २०चा. दशांशाचं गणित बांधावर, ओल्या हातानं, टोपणाच्या मापानं करायचं. छापील पुस्तिकेत हे चालून जातं, मागे जाऊन परत वाचता येतं. रेडिओवर वाक्य एकदाच जातं.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. मंडळी एकत्र बसून ऐकायची, चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायची. चुकीचं ऐकलं तर शेजारचा दुरुस्त करायचा. २००४ साली 'किसानवाणी' आली, शेतीचा कार्यक्रम छोट्या एफएम केंद्रांच्या हाती आला, आणि आपल्याच तालुक्यातल्या पिकाबद्दल बोलता येऊ लागलं. फायदा मोठाच. पण ऐकणारा आता एकटा असतो, कानात इयरफोन घालून.

पुनःप्रसारणात तो भाग कापणं सोपं होतं. पण संध्याकाळी ज्यांनी ऐकलं ते सकाळी ऐकतीलच असं नाही. म्हणून आम्ही दुरुस्ती सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या आधी, भरपूर लोक ऐकत असताना दिली आणि संध्याकाळी कार्यक्रमाच्या सुरुवातीला पुन्हा. मजकूर पंपामागच्या ग्रॅमवर न ठेवता एकरावर बांधला: "एकरी २०० लिटर पाणी, ८८ ग्रॅम औषध. १०० ग्रॅमचा पुडा एकराहून थोड्या जास्त क्षेत्राला पुरतो. १५ लिटरचे साधारण तेरा पंप होतील." हे पडताळून बघता येतं, पाच पंपांतच पुडा अर्धा झाला तर शेतकऱ्याला तिथंच कळतं.

आता चिठ्ठीवर 'पंप' हा रकाना आहे: साधा, बॅटरी की पॉवर, किती लिटर. मात्रा तज्ज्ञ सांगतात, शेतकरी परत म्हणतो, निवेदिका तिसऱ्यांदा स्टुडिओतून म्हणते: "सहा, पाचानंतरचा सहा." यात वेळ जातो, फोन कमी घेता येतात, आणि काही पाहुण्यांना हे शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटतं, तसं त्यांनी बोलून दाखवलंय. माझं उत्तर एकच: कमी फोन घेऊ. त्या शेतकऱ्याचा नंबर नोंदवहीत आहे. अजून बंदच लागतो.